भरून दिलेलं माप

कपड्यांच्या खोलीत छोटी खोक्यावर उभी राहून काम करायची. टेबल मोठ्या माणसाच्या उंचीचं आणि छोटी पाचवीतल्या मुलीएवढी, म्हणून इस्पितळाच्या सुतारानं तिला एक लाकडी खोकं ठोकून दिलं होतं. वय चाळिशी उलटलेलं. केस पातळ, मागच्या बाजूला तर नाहीतच, त्यामुळे बारा महिने डोक्याला रुमाल. कागदोपत्री तिला दुसरं नाव होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर तिनं मागे वळूनही पाहिलं नसतं.

सातव्या वर्षी तिच्या मेंदूत गाठ झाली होती. त्या काळी असलं पोर हाती लागणं कठीणच. मोठ्या डॉक्टरांनी आधी गाठ काढायला लावली आणि मग उरलंसुरलं मरावं म्हणून सगळ्या डोक्यावर आणि पाठीच्या कण्यावर किरण सोडले. भरपूर सोडले, कारण भरपूर सोडावे एवढंच तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. छोटी वाचली. पुढे तिची पाठ वाढायची थांबली, एक कान गेला, रोज सकाळी गोळी घेतल्याशिवाय अंग हलेना आणि चौथीत शाळेतल्या बाईंनी हात टेकले. या सगळ्यावर मोठ्या डॉक्टरांचं एकच उत्तर असे, "वाचली की नाही?" वाचली होती. त्यात वाद कसला?

ती मोठी झाल्यावर, म्हणजे वयानं, त्यांनीच तिला या खोलीत चिकटवलं. मेहेरबानी म्हणून नव्हे. त्यांना ती हाताशी हवी होती. नवं पोर भरती झालं आणि आईबाप रडून रडून बेजार झाले की ते म्हणायचे, "जा, खाली छोटीकडून पोराचा गाऊन घेऊन या." आईबाप खाली यायचे, त्यांच्या मागून डॉक्टर यायचे. "छोटी, दाखव जरा." छोटी खोक्यावरच पाठ फिरवायची, रुमाल वर सारायची आणि मानेपासून वर गेलेला व्रण दाखवायची. "हिलाही हेच होतं. आज नोकरी करते, स्वतःच्या पायावर उभी आहे." खोक्यावर उभी आहे, एवढं ते गाळायचे. मग पोरांच्या आया तिच्या गालावरून हात फिरवायच्या. एखादा बाप तिचे दोन्ही हात धरून ढसाढसा रडायचा. परक्याचा हात लागलेला छोटीला मुळीच खपायचा नाही, पण तेवढ्या वेळापुरती ती ताठ उभी राहायची. तिच्याकडे बघून कुणाला बरं वाटावं, असं दुसरीकडे कुठे घडत होतं?

घरी तर नाहीच. आई होती तोवर ठीक होतं. आई गेल्यावर छोटीचं अंथरूण आतल्या खोलीतून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आलं. दादा तोंड उघडायचा नाही. वहिनी दुष्ट होती असं नव्हे, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"वन्सं, दूध वर आलं की गॅस बंद करा म्हटलं होतं ना?"

"बघत होते दुधाकडे."

"बघतच राहिलात. ते उतू जाऊन शेगडी विझली तरी बघताय. छान दिसत होतं का?"

भाचे खिदळायचे. दोघंही तिच्यापेक्षा केव्हाच उंच झाले होते. थोरला फोनवर बोलताना तिच्या डोक्यावर कोपर टेकवून उभा राहायचा, कठड्यावर टेकवावं तसं. छोटी फणकारायची, "इस्पितळात मला बघायला डॉक्टर माणसं पाठवतात."

"पाठवतात हो," वहिनी म्हणायची. "माणसं प्राणिसंग्रहालयातही जातात."

कुणाला दयेचा पाझर फुटत असेल तर आवरावा. छोटी काही गोड बाई नव्हती. कुढी होती, मनात धरून ठेवणारी होती. दुसऱ्याचं बरं झालेलं दिसलं की तिच्या पोटात दुखायचं. पण मनात धरून ठेवता यायचा तो फक्त राग. बाकी काही तिच्या डोक्यात टिकत नसे. एक गोष्ट सांगा, करेल. दोन सांगा, पहिली गळून जाईल. कोणत्या पोराला कोणत्या मापाचा गाऊन, हेसुद्धा तिला रोज सकाळी नव्यानं शिकावं लागे. ही गोष्ट तिनं मोठ्या डॉक्टरांनाही कळू दिली नव्हती. प्रत्येक गाऊनच्या गळ्याला तिनं आतून रंगीत दोऱ्याचा टाका घातला होता. लाल म्हणजे लहान, निळा मधला, पिवळा मोठा. भिंतीतल्या खणांना त्याच रंगांच्या चिंध्या बांधल्या होत्या. कुणी गाऊन मागायला आलं की तिचे ओठ हलायला लागायचे, लाल लहान, लाल लहान. वॉर्डातल्या मावशींना वाटायचं, बाई भाविक आहे.

"काय हौस गं तुला," मावशी म्हणायच्या. "पोरांच्या कपड्यांना रंगीत टाके काय, चिंध्या काय."

"हौस आहे खरी," छोटी म्हणायची.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टरबाई आल्या. हुशार, तरतरीत, बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावरून घड्याळ बघणाऱ्या. त्यांचं काम चांगलं होतं हे आधीच सांगितलेलं बरं. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासला की ती कोणत्या जातीची हे आता कळतं. काही जाती सौम्य निघतात. अशा पोरांना किरण पुष्कळ कमी दिले तरी पुरतील, असं बाईंचं म्हणणं होतं. पोर जगेल आणि जगल्यावर त्याचं डोकंही शाबूत राहील. पक्की हमी मात्र अजून कुणीच देत नव्हतं, म्हणून पूर्ण की कमी हे आईबापांनी ठरवायचं होतं.

एकदा बाईंनी छोटीला वरच्या हॉलमध्ये बोलावलं. "थोडंसं काम आहे. आमच्या विद्यार्थ्यांना भेटून जा." छोटी धुतलेला रुमाल बांधून गेली. हॉल डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींनी भरला होता. तिनं कुणी सांगायच्या आत पाठ फिरवली आणि रुमाल वर केला.

"नाही, नाही, ते नको," बाई म्हणाल्या. "इकडे तोंड कर."

भिंतीला टेकवून तिची उंची घेतली. मग बाईंनी तिला तीन शब्द सांगितले, मध्ये हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि विचारलं, "आता सांग बघू, कोणते शब्द होते?"

छोटी हसली. मग कपाळाला आठ्या घालून आठवत राहिली. शेवटी म्हणाली, "कंदील." कंदील त्यात नव्हताच. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाई भडकल्या, अगदी मनापासून. "हसायला काय झालं? ही आपण केलेली आहे. पूर्ण डोस म्हणजे हे. पुन्हा असं एकही पोर व्हायला नको, म्हणून आपण हे सगळं करतोय." मग वळून म्हणाल्या, "थँक्यू हं, छोटी."

छोटीचा एकच कान चांगला होता आणि नेमका तोच बाईंच्या बाजूला होता.

खोलीत येऊन ती खोक्यावर चढली आणि घड्या घालत बसली. सगळं गळून जाणाऱ्या त्या डोक्यातून हे एक वाक्य काही केल्या गळेना. पूर्ण डोस म्हणजे हे. इतकी वर्षं ती वाचलेली होती. आज दुपारपासून बिघडलेली झाली. कुणी बिघडवली तेही बाईंनी सांगितलं होतं, पण ते तिच्या कामाचं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांवर रागवायचं तर पाठ फिरवून रुमाल वर करण्यात गेलेले सगळे दिवस पाण्यात गेले असते. राग काढायला बाई बऱ्या होत्या.

आईबाप पूर्वीसारखेच खाली यायला लागले, फक्त आता बाई पाठवायच्या. यायचे, तिच्याकडे एकदा बघायचे आणि झटकन नजर काढून घ्यायचे. एक आई तर आपल्या पोराचं तोंड पदराखाली दाबून निघून गेली. वर जाऊन सगळे कमी डोसला हो म्हणायचे. बाईंची गाडी सुसाट चालली होती.

अशात फळवालीची पोर भरती झाली. इस्पितळाबाहेरच्या चौकात तिच्या आईची फळांची गाडी होती. पोर आठेक वर्षांची आणि स्मरणशक्ती अशी की गिऱ्हाईक लांबून दिसलं की आईला सांगायची, "ते बघ, संत्री आंबट निघाली म्हणून भांडायला आलेले काका. त्यांना केळी दे, केळ्यात भांडता येत नाही." ऑपरेशन झालं, टक्कल झालं, चालताना तोल जायचा, पण तोंड थांबायचं नाही. भिंतीला धरत धरत ती सगळीकडे हिंडायची. एके सकाळी कपड्यांच्या खोलीत आली.

"तू बाई आहेस की मुलगी?"

"बाई."

"मग वाढली का नाहीस?"

"तू तुझं बघ."

पोर खणांकडे बघत उभी राहिली. एक गाऊन ओढून गळा उलटा केला, दुसरा केला. "कळलं. तुला लक्षात राहत नाही, म्हणून रंग लावलेत."

"हौस म्हणून लावलेत."

"खोटं," पोर म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी छोटी जेवायला गेली तेव्हा पोरीनं लाल आणि पिवळी चिंधी एकमेकींच्या जागी बांधून ठेवली. गंमत म्हणून. पोरं असल्या गमती करतात. पोरं निरागस असतात हे ज्यांनी पसरवलं त्यांना पोरं नसावीत. छोटी परत आली तर दाराशी रांग. कुणाला लहान गाऊन हवा होता. लाल लहान, म्हणत तिनं लाल चिंधीच्या खणात हात घातला, तर हातात पिवळा टाका. ठेवून दिला. दुसरा काढला, तोही पिवळा. चिंधी खरी की टाका? ती गाऊन हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"अगं, एक गाऊन द्यायला मुहूर्त बघतेस का?" मावशी ओरडल्या.

"मावशी, तिला रंग बदलले की काही कळत नाही," रांगेच्या कडेनं पोरीचा आवाज आला. "मीच बदललेत."

सगळा व्हरांडा हसला. त्या दिवसापासून ढकलगाडीवाले जाता येता विचारायला लागले, "काय छोटी, लाल की पिवळा?"

छोटीनं चिंध्या परत नीट बांधल्या. कुणाकडे तक्रार केली नाही. पण कोणी काय केलं हे ती विसरली नाही. ते खातं तिचं शाबूत होतं.

पोरीची गाठ सौम्य जातीची निघाली. बाईंनी फळवालीला बसवून सगळं नीट समजावलं आणि किरण कमी देऊ म्हणाल्या. फळवालीनं ऐकून घेतलं.

"कमी?"

"कमीच पुरतील. उगाच जास्त दिले तर पुढे डोक्यावर परिणाम होतो."

"बाई, मी आयुष्य तराजूपाशी काढलंय. समोरच्याच्या भल्यासाठी कुणी माप मारलेलं मी अजून पाहिलं नाही."

"हे माप मारणं नाही हो. इथे जास्त म्हणजे चांगलं असं नसतं."

"कमी पडलं आणि परत उगवलं तर?"

"शक्यता फार थोडी आहे."

"थोडी म्हणजे आहे," फळवाली म्हणाली. "शेजारच्या खाटेवरच्या पोराला पूर्ण, आणि माझ्याच पोरीला हात आखडता?"

शेजारच्या पोराची गाठ वेगळ्या, वाईट जातीची होती. बाईंनी तेही सांगितलं, पण फळवालीच्या कानात कमी हा एकच शब्द अडकून बसला होता. शेवटी बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "असं करा. खाली छोटीला बघून या. बोला तिच्याशी. मग काय ते सांगा." छोटीला विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. इतक्या जणांनी नुसतं बघूनच ओळखलं होतं. बोलायची गरज कधी पडलीच नव्हती.

जिन्यावर चपला वाजल्या तेव्हा छोटी घड्या घालत होती. फळवालीच्या मागे भिंतीला धरत पोर येत होती. छोटीनं पोर पाहिली आणि हळूच ओठांत सुरू केलं, निळा मधला, निळा मधला.

फळवाली टेबलाशी येऊन उभी राहिली. फळ घेण्याआधी फिरवून बघावं तसं तिनं छोटीला बघितलं.

"डॉक्टरबाईंनी पाठवलंय. तुला बघून ये म्हणाल्या."

"बघा."

"तुला किती दिलं होतं?"

"पूर्ण."

"गाठ परत आली?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

फळवालीनं श्वास सोडला. मग खाली वाकून, पोरीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "आणि डोकं? डोकं चालतं ना गं तुझं? बाई म्हणतात, पूर्ण दिलं की डोकं जातं."

आता एक खरं बोलली असती तर काम झालं असतं. उतू गेलेलं दूध सांगितलं असतं, ते तीन शब्द, चिंध्या. चिंध्यांची गोष्ट तर अख्ख्या इस्पितळाला ठाऊक होती. एकट्या फळवालीलाच ती कुणी सांगितली नव्हती, कारण पोर तिचीच. छोटीला हे सगळं एका झटक्यात दिसलं. एरवी तिला एका झटक्यात काही दिसत नसे. तिला हेही दिसलं की कमी डोस मिळाला की ही पोर उंच होणार, हिचे केस येणार, ही गाडीपाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करणार आणि सगळं आयुष्य एकही चिंधी न बांधता लक्षात ठेवणार. मला मिळालं ते हिला का नको?

दारातून पोर आईच्या आडून बघत होती. तिनं आवाज न करता ओठ हलवले. लाल की पिवळा?

छोटीनं खोक्यावरच पाठ फिरवली आणि रुमाल वर केला.

"हे बघा. एवढंच उरलंय. नोकरी करते, रोज एकटी येते, एकटी जाते. डोकं चालत नसतं तर मला इथे उभं केलं असतं का?" मग वळून तिनं खणात हात घातला, ओठ न हलवता, आणि एक गाऊन टेबलावर ठेवला. "हा घ्या. तुमच्या पोरीच्या मापाचा. लावून बघा."

फळवालीनं पोरीला जवळ ओढून गाऊन खांद्याला लावला. बरोबर बसला. तिचा जीव भांड्यात पडला. "मग बाई मला काय बघायला सांगत होत्या?"

"त्यांना काय," छोटी म्हणाली. "पोर तुमची आहे. मागून घ्या भरून."

पोर काहीतरी बोलायला गेली. "आई, तिला..."

"तू गप बस," फळवाली म्हणाली. "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायची भारी खोड तुला."

थोड्या वेळानं बाई धावतच खाली आल्या. इथे आल्यापासून त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं. "छोटी, काय सांगितलंस तू त्या बाईला?"

छोटीनं घडी घातलेला गाऊन पुन्हा उलगडला, पुन्हा घातला.

"आठवत नाही, बाई."

भरल्या हॉलमध्ये बाईंनी स्वतःच ते सिद्ध करून दाखवलं होतं.

त्यांनी फळवालीला पुन्हा समजावलं, दुसऱ्या डॉक्टरांकडूनही सांगून पाहिलं. ती हलली नाही. जितकी समजूत घालावी तितका तिचा संशय पक्का होत गेला. घासाघीस वाढली की समोरच्याच्या मनात काळंबेरं असतं, हे तिला गाडीनं शिकवलेलं होतं. तिच्या पोरीला सगळ्या डोक्यावर आणि पाठीवर किरण मिळाले, पूर्ण. पोर ओकली, सुकली, आणि एक दिवस गाठ गेली म्हणून घरी गेली. फळवालीनं सगळ्या वॉर्डाला फळं वाटली.

चारपाच वर्षं गेली. बाईंच्या कमी डोसवाली पोरं तपासणीला यायची तेव्हा व्हरांड्यात धिंगाणा घालायची. एक मुलगी तर येताना बुद्धिबळाचा पट घेऊन यायची आणि डॉक्टरांनाच हरवायची. बाई कौतुकानं हरायच्या.

मग एका सकाळी फळवाली कपड्यांच्या खोलीत आली. हातात फळांनी गच्च भरलेली पिशवी, मागे पोर. उंची जवळजवळ तेवढीच. निळ्या टाक्याचा गाऊन अजून बसला असता. डोक्याला रुमाल.

"ओळखलंस का?" फळवाली म्हणाली. "वाचली बघ. तू सांगितलंस म्हणून. त्या बाईंचं ऐकलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे."

पोर टेबलाकडे बघत होती.

"शाळा सुटली तिची," फळवाली पुढे सांगत होती, कुणी विचारलं नव्हतं तरी. "गाडीवर बसवली तर एकाची पिशवी दुसऱ्याच्या हातात देते. ओळखीची गिऱ्हाइकं येतात, ही परक्यासारखी बघते. परवा त्या संत्रीवाल्या काकांनीच विचारलं, पोरीला काय झालं? मी म्हटलं, काय व्हायचंय, जिवंत आहे." तिनं पिशवी टेबलावर ठेवली. "तुझ्या हाताखाली लागली तर बरं होईल. तू कशी स्वतःच्या पायावर उभी राहिलीस. तशी हीपण राहील. बाईंना विचारलंय मी. त्या नुसत्या मान हलवून आत गेल्या."

"राहील की," छोटी म्हणाली.

सुतारानं दुसरं खोकं ठोकून दिलं. पहिल्या दिवशी छोटीनं पोरीला खणांपुढे उभं केलं आणि एकेका चिंधीला बोट लावून सांगितलं. घाई केली नाही. घाई केली तर गळून जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दारावरून जाताना एक ढकलगाडीवाला म्हणाला, "काय गं, आता दोघी?" आणि हसत पुढे गेला.

पोरीनं एक गाऊन उचलला, गळा उलटा केला आणि टाक्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलायला लागले होते. लाल लहान. लाल लहान.

"रंग कशाला लावलेत?" तिनं विचारलं.

"हौस म्हणून," छोटी म्हणाली.

पोरीनं टाक्यावरून बोट फिरवलं. "छान आहेत," ती म्हणाली आणि गाऊन खणात ठेवला, पिवळ्या.

छोटीनं तो काढला, लाल खणात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.